नितळ येईपर्यंत

मोठ्या बाईंच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात एकच दंडक होता: ताग्यातून निथळणारे पाणी नितळ आल्याखेरीज नळ बंद व्हायचा नाही. त्याच दंडकावर त्यांनी नाव कमावले होते. त्यांचा निळा रंग अंगाला लागत नाही, अशी गिऱ्हाइके ग्वाही देत.

सुनेला हा दंडक पटत नसे. तीन हौद बांधावेत, शेवटच्या हौदातले पाणी पुढच्या ताग्याच्या पहिल्या धुण्याला घ्यावे, असे तिचे म्हणणे. गेल्या वर्षी विंधनविहीर आटू लागली आणि बाईंनी ती आणखी खोल नेऊन मोठा पंप बसवला, तेव्हा ती म्हणाली होती, "आई, जमीन तरी किती दिवस पुरवणार आपल्याला?"

"उपदेश माहेराहून शिदोरीला आणलेला दिसतोय. उष्ट्या पाण्यात कापड बुचकळणारं घर नव्हे हे."

यंदा एका दिवशी मात्र निळे थांबेना. रंगारी सकाळपासून नळाखाली तागा धरून होता; दुपार कलली तरी खालच्या पाण्याची निळसर झाक जाईना.

"रंग कच्चा राहिला तुझा," बाई म्हणाल्या.

"तुमच्यासमोरच चढवला, बाई. आता हा तागा पांढरा होऊनच गिऱ्हाइकाकडे जाणार बहुतेक."

"जीभ आवर आणि नळ पुरता सोड."

पंप घरघरू लागला. पाण्याचा जोर वाढला तसा निळेपणाही गडद होत गेला. रंगाऱ्याची थट्टा आपोआप थांबली.

सून घरातून पांढरी वाटी घेऊन आली. तागा बाजूला सारून तिने ती थेट नळाखाली धरली आणि बाईंपुढे केली. वाटीतले पाणी निळे होते.

दोष कापडाचा नव्हताच. कारखान्यामागच्या खड्ड्यात वर्षानुवर्षे सोडलेले रंगाचे पाणी जमिनीत मुरत गेले होते, आणि त्यांच्याच पंपाने ते खेचून आणले होते. सकाळपासून बाई निळ्याने निळे धूत होत्या. जितके उपसत होत्या, तितके त्याला जवळ बोलावत होत्या.

"पंप बंद कर," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. मग सुनेकडे न पाहता, "हौद बांधायला घ्या."

"बांधू, आई. पण भरायचे कशानं?"

इतक्यात कुंपणापलीकडून शेजारणीने हाक दिली. तिच्या कडेवर नातू होता.

"बाई, तुमचं पाणी बरं आहे ना? आमच्या विहिरीचं आज काहीतरी वेगळंच लागतंय. हा पठ्ठ्या मात्र पेलाभर प्यायला."

रंगारी मान खाली घालून ताग्याच्या घड्या घालू लागला. सून बाईंकडे पाहत राहिली. गप्प राहिले तर नाव राहणार होते, निदान आजचा दिवस. बाई कुंपणापाशी गेल्या.

"पोराला आता ते देऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यात आमचा रंग आहे."