सत्त्याऐंशी ते त्र्याण्णव

सुकन्या मुरुडची. लातुरात संख्याशास्त्र शिकली आणि तिथंच एका सर्वेक्षणाच्या ऑफिसात लागली. जळकोट तालुक्यातली किती घरं संडास वापरतात, ते शोधायचं काम ऑफिसला मिळालं होतं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चारशे घरांत ऑफिसची पोरं विचारून आली. तीनशे साठ घरं ‘वापरतो’ म्हणाली. म्हणजे नव्वद टक्के. पण चारशे घरांवरून अख्ख्या तालुक्याचं सांगायचं तर थोडं इकडंतिकडं होणारच. ते किती, हे सुकन्याने काढलं. नव्वद गुणिले दहा, भागिले चारशे, त्याचं वर्गमूळ दीड. त्याची जवळजवळ दुप्पट, तीन. पंच्याण्णव टक्के विश्वासाने खरा आकडा सत्त्याऐंशी ते त्र्याण्णवच्या मध्ये. इतका आटोपशीर पट्टा बघून ती स्वतःवरच खूश झाली.

ऑफिसचे मालक महांतेश सरही खूश. “अहवालाच्या कव्हरला एक फोटो आणा गावातला,” म्हणाले.

सुकन्या सकाळच्या एसटीने त्या चारशेपैकी एका घराच्या गावी गेली. फाट्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना घाणच घाण. ओढणी नाकाला लावली तरी वास घशात उतरत होता. माशा आधी तिथं बसायच्या, मग तिच्या हातावर. टमरेल घेऊन उठलेल्या दोन बाया तिला पाहून पाठमोऱ्या झाल्या.

ते घर चांगुणाबाईंचं. अंगणात संडास होता, निळ्या दाराचा. सुकन्याने दार ओढलं. आत छतापर्यंत कडबा, आणि भांड्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.

“मावशी, वापरतो म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही?”

“मग काय सांगावं? ते पोरगं दारात हुभं, शेजारीपाजारी ऐकून राहिलेले. न्हाई म्हणायची लाज वाटती की, बाई! टँकरच्या चार घागरी येतेत. ते पाणी प्यावं का ह्यात वतावं?”

सुकन्याने दार लोटून घेतलं. त्या बाईची तिला किळस आली नाही. स्वतःच्या त्या देखण्या पट्ट्याची आली. फोटो न काढताच ती परतली. नव्याने चिठ्ठ्या टाकल्या, शंभर घरं निवडली, आणि ऑफिसच्या साहेबराव ड्रायव्हरला घेऊन घरोघर फिरली. या वेळी विचारलं नाही, दारं उघडून पाहिलं. पन्नास संडास वापरातले, पन्नास बंद. घरं कमी, म्हणून पट्टाही रुंद आला, चाळीस ते साठ.

महांतेश सरांनी बोटाला थुंकी लावून कागद उलटले. तिला ते बघवेना.

“वीस टक्क्यांची फट? असलं कोण घेतं, मॅडम? पहिलंच छान हाय. त्याच्या गणितात चूक हाय का?”

“गणितात नाही, सर. उत्तरंच खोटी आहेत.”

“ते लोकांचं पाप. आपलं गणित बरोबर हाय ना? मग झालं तर.” त्यांनी तेच बोट पुसून बिस्किटाचा पुडा तिच्यापुढे सरकवला.

“माझं नाव काढा त्या अहवालावरून.”

त्यांनी लगेच काढलं.

ती शंभर घरांचा हिशेब घेऊन सर्वेक्षणाचं काम देणाऱ्या सरकारी साहेबांकडे गेली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मानही डोलावली. मग म्हणाले, “ताई, खरं असेल तुमचं. पण उद्या त्या नव्वद टक्क्यांसाठी तालुक्याच्या सत्काराचा कार्यक्रम हाय, मंडप पडलाय. चहा घ्या.”

चहाचा वाससुद्धा तिला सोसवेना. ती उठून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला भडभडून ओकली.