तुमच्या गैरहजेरीत हे काम कोण करील?

बाईंची नोकरी गेली ती माझ्या सुवाच्य अक्षरामुळे. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे, एक माझ्या नवऱ्याला आणि दुसरं खुद्द बाईंना. नवरा म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच." बाई काय म्हणाल्या ते पुढे सांगते.

मी घरभेटी देणारी नर्स. सव्वीस वर्षं बाळंतिणी, तान्ही पोरं आणि गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसं पाहत फिरले. आमच्या केंद्राला स्वतःच्या दोन खोल्या होत्या, मागे हात धुवायला बेसिन होतं आणि बेसिनवर नळ होता, जो बहुधा चालायचा. मग काटकसरीचे दिवस आले. आधी ऑफिसचा चहा गेला. मग सफाईवाली आठवड्यातून दोनदाच येऊ लागली. आणि एका सोमवारी पत्र आलं, की खोल्या सोडा आणि सरकारी वाचनालयाच्या हॉलमध्ये बस्तान हलवा. तिथेच घरदुरुस्ती खात्याचं तक्रारींचं टेबलही येणार होतं. पत्रात याला 'भागीदारी' म्हटलं होतं. तिघा गरिबांनी एका पांघरुणात झोपायचं याला भागीदारी म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी तणतणतच गेले. माझा स्वभाव तसाच आहे, सासूबाई मला 'फोडणी' म्हणायच्या. पण वाचनालयाच्या बाई दारात मोजपट्टी घेऊन उभ्या होत्या. उंच, सडसडीत, चष्मा गळ्यात दोरीला, पाच वर्षांवर निवृत्ती आलेली. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि या एकट्या. त्यांच्याहून वडीलधारी माणसंही त्यांना बाईच म्हणत. माझं वजनाचं यंत्र, तपासणीची खाट आणि कपाट, सगळ्याची मापं त्यांनी आधीच मागवून घेतली होती. जाडजूड शब्दकोशांची कपाटं सरकवून त्यांनी मला आडोसा करून दिला. पहिल्याच दिवशी मी सुई टोचताच एका तान्ह्या बाळाने हॉल डोक्यावर घेतला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका आजोबांनी भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवलं. बाईंनी स्टूल घेतलं, पाटी उतरवली आणि म्हणाल्या, "अहो, त्याला अजून वाचता येत नाही." आजोबांचा नाइलाज झाला.

तिसरा होता मिस्त्री. तीस वर्षं लोकांच्या घरातले पाइप दुरुस्त करून त्याचा गुडघा गेला, म्हणून खात्याने त्याला टेबलावर बसवलेला. बोलणं कमी आणि नाक तिखट. कुठल्याही खोलीत शिरला की आधी वास घ्यायचा. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलला ते असं, "सिस्टर, तुमच्या कपाटामागे ओल आहे." होतीच.

पूर्वी आम्हाला वर्षातून एकदा दोन दिवसांचं प्रशिक्षण असे. मोठ्या हॉलमध्ये बसायचं, पडद्यावरच्या ओळी वहीत उतरवायच्या, जेवून डुलक्या काढायच्या आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. काटकसरीत तेही गेलं. बदल्यात एक परिपत्रक आलं, 'कर्मचाऱ्यांनी परस्परांकडून शिकावे.' मी ते फायलीत लावलं. मिस्त्रीने त्यावर डबा ठेवला. बाईंनी ते वाचलं आणि खरं मानलं. परिपत्रक खरं मानणारी माझ्या पाहण्यातली ती एकच सरकारी नोकर.

दर गुरुवारी दोन ते तीन आम्ही दार ओढून घ्यायचो. एकाने आपलं काम शिकवायचं, दोघांनी ते करायचं. बाईंचा नियम एकच होता, पण कडक. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे धरायचे. समोरचा चुकतोय, गोंधळतोय, तरी हात पुढे आणायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. मी पहिल्यांदा मिस्त्रीला रक्तदाब घ्यायला शिकवत होते, तेव्हा त्याने पट्टा उलटा बांधला आणि माझ्या हातांना नुसती खाज सुटली. बाई शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, हात." मी हात मागे घेतले. चौथ्या खेपेला त्याला नीट जमलं. "पाण्याचं प्रेशर कळतं, तर रक्ताचं का नाही कळणार?" असं म्हणून तो दिवसभर खूश होता.

मिस्त्रीने आम्हाला ओल ओळखायला शिकवली. ओल्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी तुकड्याच्या आतल्या बाजूला आलं तर भिंतीतून येतंय, बाहेरून जमलं तर खोलीतली वाफ आहे. एवढीशी गोष्ट. पण माझ्या भेटीतल्या एका घरात एक मुलगी दोन वर्षं खोकत होती आणि मी दोन वर्षं तिच्या कागदावर 'धूळ टाळावी' असं लिहीत होते. त्या शुक्रवारी मी तिच्या पलंगामागे प्लास्टिक चिकटवलं. शनिवारी सकाळी तुकड्याच्या आत पाण्याचे थेंब. मिस्त्रीने भिंतीतला पाइप बदलून घेतला, खोली महिनाभर वाळली आणि मुलीचा खोकला निम्म्यावर आला. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

बाईंनी शिकवलेलं तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "फॉर्म हातात दिल्यावर जो माणूस 'चष्मा घरी राहिला' म्हणतो, त्याच्या नाकावर चष्म्याची खूण आहे का बघा. नसेल तर त्याला वाचता येत नाही. मग आपण म्हणायचं, माझं अक्षर मलाच लागत नाही, थांबा, मीच वाचून दाखवते." किती बायांच्या हातात मी औषधांची पत्रकं कोंबली होती आणि नंतर त्यांनाच रागावले होते, की सांगितलेलं करत नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात मी त्यातल्या चौघींकडे परत गेले आणि सगळं तोंडी सांगून आले.

बाईंनी काही हातचं राखलं नाही. पुस्तकांची मांडणी, नोंदी, सभासदांचे अर्ज, लोकांना सरकारी फॉर्म भरून देणं, शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, सगळं आमच्याकडून करवून घेतलं. मिस्त्री गोष्ट वाचायला बसला की राक्षसाचा आवाज असा काढायचा की पोरं त्यालाच मागायची. बाई मागच्या बाकावर बसून हसायच्या. दोन वर्षं असं चाललं. पगार वाढत नव्हता, पंखा कुरकुरत होता आणि मी सकाळी कामावर उड्या मारत जात होते. नवरा म्हणायचा, "तुमचं ऑफिस आहे की शाळा?" मी म्हणायचे, "तुला नाही कळायचं." अजूनही वाटतं, सव्वीस वर्षांत नोकरी केली ती त्या दोन वर्षांत.

मग कुजबुज सुरू झाली, की आमच्यासारख्या पाच जागांपैकी दोन बंद होणार. त्या पाठोपाठ तपासणीचा फॉर्म आला. त्यात प्रत्येकाचं एकेक काम लिहायचं आणि समोरच्या रकान्यात उत्तर द्यायचं, 'तुमच्या गैरहजेरीत हे काम कोण करील?' आम्हाला वाटलं, आता आपली कमाल दाखवायची वेळ आली. जितकी नावं जास्त तितके गुण जास्त, आणि हॉल वाचणार. लिहायला मी बसले, कारण माझं अक्षर छापल्यासारखं.

माझ्या कामांपुढे फारसं लिहिता येईना. सुई टोचायला परवाना लागतो, औषध द्यायला परवाना लागतो. तिथे मी 'कोणी नाही' लिहिलं आणि चुकचुकले. मिस्त्रीचंही तेच, गॅसच्या आणि विजेच्या कामाला त्याचाच शिक्का लागायचा. बाईंच्या कामांवर आले तेव्हा कुठे हुरूप आला. मांडणी: सिस्टर, मिस्त्री. नोंदी: सिस्टर, मिस्त्री. अर्ज: सिस्टर, मिस्त्री. सतरा कामं होती आणि सतराच्या सतरा ओळी मी ठसठशीत भरल्या. बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मी म्हटलं, "बघा बाई, तुमचा रकाना सगळ्यात छान दिसतोय." त्या म्हणाल्या, "हो, दिसतोय खरा." मी मान वळवली तेव्हा त्यांचे हात पाठीमागे होते. त्यांनी फॉर्म घेतला, सगळा वाचला, खाली सही केली आणि लखोटा स्वतः टपालात टाकला.

हॉल वाचला. पाच आठवड्यांनी पत्र आलं, त्यात आमच्या 'अनुकरणीय सहकार्या'चं कौतुक होतं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की ग्रंथपालाची सर्व कामं अन्य कर्मचारी करू शकत असल्याने ते पद महिनाअखेर रद्द करण्यात येत आहे. मी ते तीनदा वाचलं. मिस्त्रीने एकदाच वाचलं आणि गुडघा दुखत असूनही हॉलभर येरझारा घालू लागला. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतात असं म्हणतात. मी तो बाईंच्या पायावर पाडला होता, आणि वर अक्षर चांगलं आलं म्हणून मिरवले होते.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. जे तोंडाला आलं ते बोलले. ते म्हणाले, "सिस्टर, लिहिलंय ते खोटं आहे का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग?" हवं तर माझंच पद काढा असंही मी म्हणाले, पण मग सुई कोण टोचणार, असं त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. आतल्या खोलीत त्यांची आई झोपली होती, बाई भांडी विसळत होत्या. मी दारातच रडायला लागले.

"बाई, माझ्यामुळे झालं. मी लिहायला नको होतं."

"मी वाचलं होतं की," बाई म्हणाल्या. "तू लिहीत होतीस तेव्हाच मला कळलं, हे कुठे जाणार ते."

"मग खोडलं का नाहीत? निदान चार ओळी तरी?"

त्यांनी हात पुसले. "लेखणी उचलली होती ना. पण काय लिहू? तुम्हाला येत नाही म्हणून? दोन वर्षं शिकवून?" मग त्या म्हणाल्या, "आणि मला राग आला नाही असं समजू नकोस. आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. तुला वाटलं, माझा घसा बसलाय. रोज मिठाच्या गुळण्या करायला सांगत होतीस."

मला रडता रडता हसू आलं. त्यांना नाही आलं. त्या म्हणाल्या, "आईच्या औषधांचं कसं करायचं ते बघतेय मी. तीन वर्षं अजून मिळाली असती तर बरं झालं असतं." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. मी विळीवर त्यांची भाजी चिरून दिली आणि घरी आले.

महिना संपला. निरोपाला कोणी साहेब आले नाहीत. मिस्त्रीने हॉलच्या दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, त्याला दुसरं काही सुचलं नाही. बाईंनी चाव्या माझ्या हातात दिल्या आणि कोणती कोणत्या कपाटाची ते सांगितलं नाही, कारण मला सगळ्या ठाऊक होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर मी बसले. सकाळी घरभेटी, दुपारी टेबल, अशी वाटणी ठरली होती. मला खात्री होती की काहीतरी अडेल. अडावं अशीच माझी इच्छा होती. कोणीतरी असं पुस्तक मागावं जे मला सापडू नये, एखादी नोंद चुकावी, लोकांनी ओरडा करावा, म्हणजे मी तो कागद साहेबांच्या तोंडावर मारीन. दुपारभरात एकोणीस जण आले. एकाला जुन्या कायद्याचं पुस्तक हवं होतं, ते मी दोन मिनिटांत काढून दिलं. एक बाई चष्मा घरी राहिला म्हणाली, तिचा फॉर्म मी वाचून भरला. मिस्त्रीने तीन नवे सभासद नोंदवले, एकही चूक नाही. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी फक्त विचारलं, "बाई रजेवर आहेत का?" मी हो म्हटलं, आणि ते वाचायला बसले.

पाच वाजता हॉल रिकामा झाला. मी बाईंना फोन लावला.

"काय गं, काही अडलं का?" त्यांनी लगेच विचारलं. फोनपाशीच बसल्या असाव्यात.

मी टेबलाकडे पाहिलं, कपाटांकडे पाहिलं. काहीतरी सांगावं म्हणून शोधत राहिले. एखादी लहानशी गोष्टही चालली असती.

"नाही बाई," मी म्हणाले. "काहीच अडलं नाही."

पलीकडे आतून त्यांच्या आईने हाक मारलेली मला ऐकू आली.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग ठेवते."