सतराव्या प्रश्नातला डोंगर

सराव परीक्षेत संगणकाने सतरावा प्रश्न वाचला आणि वकील खो खो हसायला लागला.

तो काही खरा वकील नव्हता. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होता, जन्मापासून दिसत नव्हतं. वाद घालायला बसला की समोरच्याचं डोकं खाल्ल्याशिवाय उठायचा नाही, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलेलं.

"मॅडम, तुमचा डोंगर ऐका," म्हणत त्याने आवाज मोठा केला. पडदा वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज कोरडेपणाने म्हणाला, "चित्र. चित्रातील शाळेपर्यंत गाडीरस्ता कोणत्या बाजूने न्याल? कारणे द्या."

"झालं. एवढाच डोंगर."

भूगोलाच्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला जादा वेळ मिळवून दिला होता, माऊसशिवाय उत्तर जातं का ते स्वतः तपासलं होतं, आणि डोंगरावरच्या शाळेचा नकाशा मात्र फोटोसारखा चिकटवून मोकळ्या झाल्या होत्या. परीक्षा उद्यावर आलेली, आणि तिथेही सतरावा प्रश्न असाच, डोंगर तेवढा दुसरा.

परीक्षा विभागाच्या साहेबांना त्यांनी तिथूनच फोन लावला. साहेब शांत होते. "एवढं काय मनाला लावून घेता? त्याला तो प्रश्न माफ करू. बाकीच्या उत्तरांच्या सरासरीने गुण देऊ. त्याचा तोटा नाही."

वकिलाचं हसू मावळलं. "पहिल्या वर्षापासून नकाशे मला माफच आहेत, मॅडम. उद्या नोकरीत कुणी विचारलं, नकाशा येतो का, तर काय सांगू? माफ आहे म्हणून?"

बाईंनी पुन्हा फोन कानाला लावला. "मी नकाशाचं वर्णन लिहून देते."

"पाचच्या आत द्या. नाहीतर माफी."

घरी आल्या त्या पर्ससुद्धा न ठेवता लिहायला बसल्या. समोर थोरली नणंद मटार सोलत होती. आयुष्य शिवणकामात गेलेलं, भूगोलाशी तिचं सोयरसुतक नव्हतं.

"वन्सं, ऐका हं. पूर्वेला उंचीच्या रेषा दाट, म्हणजे चढ उभा. पश्चिमेला मध्येच एक कडा. दक्षिणेला रेषा विरळ, चढ सारखा."

"मग रस्ता दक्षिणेनं. एवढं भरवून दिल्यावर मीसुद्धा पदवी घेऊन येते की!"

बाईंनी सगळं खोडलं. दुसऱ्यांदा उत्तर कुठे सुटू नये म्हणून रेषेचं प्रत्येक वळण लिहिलं, प्रत्येक बाक लिहिला. ऐकता ऐकता नणंद वैतागली. "अगं वहिनी, मी आहे कुठे ते तरी सांग! मघाशी खालच्या रेषेवर होते, आता झाडीत हरवले."

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं. जरा जास्त सांगितलं की उत्तर फुटतं, जरा कमी सांगितलं की मुलगा रानात. देवा, डोळे असलेली मुलं तरी नेमकं काय करतात?

ती पट्टी ठेवतात. दाट आहे, विरळ आहे, असं त्यांच्या कानात कुणी सांगत नाही. ती मोजतात आणि मग ठरवतात.

बाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि पट्टी घेतली. प्रत्येक रेषा खालच्या रेषेपेक्षा वीस मीटर उंच. पायथ्यापासून शाळेपर्यंत चारही बाजूंनी, एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतचं अंतर. बस, तेवढंच. कडा हा शब्दसुद्धा नाही.

ते ऐकताना नणंदेचे हात थांबले. "पश्चिमेनं नेऊ? तिकडून वाट लांबलचक दिसते... थांब, मधलं ते इवलंसं अंतर परत वाच." मग जराशाने, "आता काही सांगत नाहीस तू. कामाला लावतेस."

पाचच्या आत वर्णन पाठवलं, तसा साहेबांचा फोन आलाच. "यात त्याला जास्त माहिती मिळते, असं बाकीचे म्हणतील."

"मग सगळ्यांनाच दाखवा. चित्राखाली."

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला तशा बाई घरी संगणकासमोर उभ्याच राहिल्या. त्यांच्या पडद्यावर, कोण कुठल्या प्रश्नावर आहे ते दिसत होतं. वकील सतराव्यावर थांबला तो हलेचना. बाईंनी चहा ठेवला, तो उतू गेला.

"बस की गं खाली," नणंद म्हणाली. "परीक्षा त्याची आहे."

उत्तरं तपासायला आली तेव्हा त्यांनी आधी त्याचंच उघडलं. "पश्चिमेने. एकूण अंतर सर्वांत जास्त, म्हणून चढ सर्वांत सौम्य."

चूक. मधला कडा त्याने बेरजेत बुडवला होता.

पाचापैकी तीन द्यावेत का? पोराने केवढी खटपट केली! बोट तीनच्या आकड्यावर गेलंसुद्धा. पण हीच चूक करणाऱ्या इतरांना त्या दोन देणार होत्या. तिसरा गुण ही पुन्हा माफीच झाली असती. त्यांनी दोन दिले आणि तरी बराच वेळ त्या खोलीत येरझारा घालत राहिल्या. आपणच नीट लिहिलं नसेल तर?

गुण लागले त्या दिवशी न राहवून त्यांनीच त्याला फोन केला. "माझं वर्णन कळलं नव्हतं का रे?"

"कळलं होतं की! घाईत नुसती बेरीज केली. चूक माझी आहे मॅडम, तिच्यात वाटा मागू नका." मग त्याने विचारलं, "आणखी किती जण पडले त्या कड्यावरून?"

"अर्धा वर्ग."

"हात्तिच्या! मग सोबत होती म्हणायची."