वगातला कागद

रहाटणीच्या जत्रेसाठी मी आणि दत्तोबानं स्वतःच वग रचला. गाव कारखान्याला जमीन देत नाही, असा विषय. मी शेतकरी, दत्तोबा साहेब. साहेबाच्या हातात कागद पाहिजे, म्हणून त्या दिवशी वडिलांच्या पेटीतून शिक्का मारलेला एक कागद उचलला. मला कुठं वाचता येत होतं! माझी वाक्यं दत्तोबानंच घोकून घेतलेली.

वडील पहिल्या रांगेत बसले होते.

दत्तोबानं ऐटीत कागद उघडला आणि गप्पच झाला. हा गडी ऐन वेळी विसरला, म्हणून माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "वाच की सायेब! कोन हाय तो जमीन इकनारा हरामखोर? सांग त्याचं नाव!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"भावा, ह्यो कागद कुठनं आनलास?" दत्तोबा पुटपुटला.

"वाच म्हन्तो न्हवं!"

त्यानं चाचरत वाचलं, "सोनबा धोंडिबा, राहणार रहाटणी, यांनी विहिरीकडचं शेत कारखान्याला विकलं."

सोनबा म्हणजे माझे वडील.

गावाला तो वगातलाच विनोद वाटला. माणसं पोट धरधरून हसली. वडील तेवढे उठून उभे राहिले, आणि त्यांनी मला हात जोडले.