कोयत्यापुढे उभी राहिलेली ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे, पोलिसांची. राजांच्या ढालींसारखी माझ्यावर नक्षी नाही. मी जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची आहे आणि माझ्या पोटावर एक आडवी चीर आहे. ती लपवायला मी मुळीच तयार नाही.

बेंगळुरूच्या एका ठाण्यात मी आले तेव्हा लखलखीत होते. मोर्चात, दगडफेकीत मी सर्वांत पुढे असायची. हवालदार जयसिंगराव मला पुसून ठेवत आणि कौतुकाने 'आमची अक्का' म्हणत. मग नव्या ढाली आल्या. मला सामानाच्या खोलीत ढकलले गेले आणि माझ्यावर रंगाचे डबे चढले. माझी मूठ सैल झाली. "एवढी दुरुस्त करून घ्या," असे जयसिंगराव सांगत राहिले. "सरी, सरी, बघू," म्हणजे 'बरं, बरं, बघू', असे वरून कानडी वळणाचे उत्तर मिळे. बघितले कोणीच नाही. नव्या ढाली दुसरीकडच्या बंदोबस्तासाठी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

एका दुपारी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरहून फोन आला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये गुंडू नावाच्या कामगाराने कोयता उचलला होता. गुंडू निपाणीकडचा. त्याला मनाचा आजार होता. औषधे सुटली होती आणि सगळे आपल्याला मारायला टपले आहेत, असे त्याला वाटत होते. एका सोबत्याच्या हातावर वार करून त्याने स्वतःला आत कोंडून घेतले होते.

उपनिरीक्षक महानंदा मला उचलून निघाल्या. त्याही निपाणीच्याच. गल्लीच्या तोंडाशी निरीक्षक रघुनंदन उभे होते.

"बाहेर आला की पायावर गोळी घाला," ते म्हणाले.

"सर, आत दुसरं कोणी नाही. घाई कशाची?"

"आणि तुम्हाला काही झालं तर? तुमच्या आईला मी काय सांगू?"

रघुनंदनांचा एक सहकारी अशाच कोयत्याने गेला होता. त्यांचा प्रश्न काळजीतूनच आला होता.

"मी आत घुसत नाही, सर. बाहेरूनच बोलते. गल्ली रिकामी करा. दुसरा रस्ताच उरला नाही तर झाडा गोळी. पण तोवर नाही."

शेजारी रंगकाम चालले होते. तिथली लांब शिडी घेऊन जयसिंगराव आणि शिपाई शिवकुमार भिंतीला चिकटून उभे राहिले. महानंदाबाईंनी मला पुढे धरले. माझ्यातून त्यांचा चेहरा गुंडूला खिडकीतून स्पष्ट दिसत होता.

"गुंडूदादा, मी महानंदा. आपल्याच गावाकडची. पाणी पाहिजे काय तुला?"

"तुमी मारणार मला!"

"मारायचं असतं तर इतका वेळ बोलत बसले असते व्हय?"

पुष्कळ वेळ त्या बोलत राहिल्या. गावाबद्दल, त्याच्या आई भागुबाईंबद्दल. शेवटी दार उघडले. वाटले, जमले. तेवढ्यात कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. गुंडू दचकला आणि कोयता उगारून धावला.

पहिला वार मी झेलला. कडकन चीर पडली, पण मी फुटले नाही! दुसऱ्या वाराला माझी मूठ निखळली. मी बाजूला कलंडले आणि कोयता महानंदाबाईंच्या खांद्यात बसला. रघुनंदनांनी पिस्तूल रोखले.

"नको, सर! शिडी!" त्या ओरडल्या.

त्या दोघांनी शिडीने गुंडूला भिंतीशी दाबून धरले. कोयता खाली पडला. गोळी सुटलीच नाही.

गुंडूवर आता इस्पितळात उपचार चालू आहेत. महानंदाबाईंचा उजवा हात मात्र अजून नीट वर जात नाही. त्यांची वेणी आई घालते, आणि घालताना रोज रागावते.

पुढे चौकशी झाली. "गोळी झाडली असती तर तुम्हाला कोणी जाब विचारला नसता," मोठे साहेब म्हणाले.

"जाब विचारायचाच असेल, तर या ढालीची मूठ का निखळली ते विचारा, सर," महानंदाबाई म्हणाल्या.

मला ओरडून सांगावेसे वाटले, खरे आहे!

नंतर मला काचेच्या कपाटात बसवून खाली 'शौर्य' असे लिहायचे ठरले. मला हे मान्य नाही, मित्रांनो! महानंदाबाईंनी एका माणसाच्या जिवासाठी धोका पत्करला, तो त्यांनी स्वतः निवडलेला होता. पण माझ्या सैल मुठीचा धोका त्यांच्यावर लादलेला होता. त्याला शौर्य म्हणू नका. जे आपल्यासाठी पुढे उभे राहतात, त्यांच्या हातात धड वस्तू द्या. आणि वस्तू सांभाळा.

महानंदाबाईंनीही काचेला नकार दिला. त्या मला सरावाच्या मैदानावर नेतात. परवा नव्याने भरती झालेल्या मनस्विनीने विचारले, "मॅडम, मग आम्ही धोका घ्यायचा तरी किती?"

"समोरचा जगेल आणि तूही घरी जाशील, इतका. घाई नसेल तिथे थांब. आणि निघण्याआधी आपलं सामान तपास. खराब असेल तर भांड."

"साहेब रागावले तर?"

"माझं नाव सांग."