सोलेदाद बाईंचा झाकलेला आरसा

मित्रांनो, इलोइलो शहरातल्या सोलेदाद बाईंचा जुना हातआरसा तो मी. माझी काच एका कोपऱ्यात काळवंडली आहे आणि मूठ दोऱ्याने आवळून बांधली आहे. मला हल्ली फारसे काही वाटत नाही. जन्मभर लोकांची उघडी तोंडे पाहिली, आणखी काय होणार?

कॉल सेंटरची नोकरी हवी असलेल्या मुली बाईंकडे इंग्रजी उच्चार शिकायला येत. पहिला धडा ठरलेला: ‘सॉफ्ट-हार्टेड’, म्हणजे मऊ मनाचा. तीन टाळ्या, तीन तुकडे. सॉफ्ट, हार, टेड. मधल्या टाळीवर जोर. आमच्याकडच्या जिभेला ‘फ’ची सवय नाही, तिथे ‘प’च येतो. म्हणून बाई मला तोंडासमोर धरायला लावत. रोवेना नावाची मुलगी आठवडाभर ‘सॉप्ट’च म्हणत राहिली, तेव्हा बाई म्हणाल्या, “दात काय नुसते भात चावायला दिलेत देवाने? टेकव की खालच्या ओठावर.”

रोवेना रडली, शिकली आणि नोकरीला लागली. आरसा तोंडदेखलं बोलत नाही, असे मुली माझे कौतुक करायच्या. पुढे मुली फोनवरच शिकू लागल्या आणि मी खिळ्यावर धूळ खात पडलो.

मग बाईंना अर्धांगाचा झटका आला. अर्धा चेहरा बधिर झाला, ओठ लोंबला. रोज बोलायचा सराव केला नाही तर वाचा कायमची जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. बाई तोंडच उघडीनात. त्यांना वाकडे तोंड दिसू नये म्हणून थोरल्या बहिणीने, फेलिसाने, मायेपोटी माझ्यावर पांढरे फडके टाकले. पण आमच्याकडे घरात प्रेत असले की आरसे झाकतात. बाईंनी ते फडके पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. पेजसुद्धा घेईनात. फडक्याखाली मीही तसाच पडून होतो, ना दुःख ना काही.

रविवारी रोवेना भेटायला आली आणि तिने आधी फडके ओढले.

“राहू दे गं, तिला बघवणार नाही,” फेलिसा म्हणाली.

“मानांग, अहो ताई, मेलंय कोण इथे?”

तिने मला बाईंसमोर धरले. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग चांगल्या हाताने त्यांनी खाटेवर तीन थापा मारल्या. “सॉप... हा... टे...”

फेलिसा डोळे पुसत छान छान म्हणू लागली. रोवेनाने मात्र कौतुक केले नाही. तिने मला आणखी जवळ धरले.

“दात काय नुसते भात चावायला दिलेत देवाने, बाई? टेकवा की खालच्या ओठावर.”

बाईंचे अर्धे तोंड हसले. त्यांनी लोंबता ओठ बोटाने उचलला, दातांना लावून धरला आणि फुंकर सोडली.

मित्रांनो, मला पुसा, जपा, नाहीतर खिळ्यावर विसरून जा. पण घरात माणूस जिवंत असताना मला झाकू नका. त्या दिवशी माझ्या काचेवर वाफ धरली होती, आणि ती कोणीच पुसली नाही.