दोन थापा

सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन कुणी पाहिला नव्हता. महिपती हॉटेलवाल्यानं तेवढा पाहिला, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. मुंबईला मेव्हण्याकडे बारशाला म्हणून गेला, तर त्या पेटीत त्याला कुस्त्या दिसल्या. राखाडी रंगाचे दोन गडी एकमेकांना उचलून आपटतायत आणि चाळीतली माणसं जिन्यापर्यंत दाटीवाटीनं बसून बघतायत. परत आल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. गल्ल्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, "ह्याच्यापेक्षा लाख पटीनं भारी आपण होम मैदानावर बघितलंय. तवा ही पेटी नव्हती, एवढंच आपलं नशीब फुटकं!"

गिऱ्हाइकंही माना डोलवायची. कारण महिपती काय म्हणतोय ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या डोक्यावर भिंतीला फोटोच होता. अठ्ठावन्न सालचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तिथं तिकीट लावून झालेली फ्रीस्टाइल कुस्ती, आणि फोटोत सोलापूरचा वाघ गुरुबसप्पा एका हातानं काळा बुरखा उंच धरून उभा. त्याच्या पायाशी एक गडी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेला. कंत्राटदारानं त्या गड्याला 'हंगेरीचा काळा बुरखा' म्हणून गावभर मिरवलं होतं. बुरखा निघाला आणि आतून निघाला होटगीचा भीमा! मैदान हसून हसून लोळलं. वीस वर्षं झाली तरी सोलापूर ते हसू जपून होतं. लग्नाच्या पंगतीत, मिलच्या गेटवर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "त्या येळच्या कुस्त्या गेल्या राव आता."

गुरुबसप्पाची बायको गिरिजाबाई हे ऐकायची आणि गप्प राहायची. कारण त्या कुस्तीतलं खरं काय ते तिला ठाऊक होतं.

ती कुस्ती नुरा होती. नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली. आता फ्रीस्टाइलच्या सगळ्याच कुस्त्या नुरा, त्यात पाप ते काय? दोन घटका लोकांची करमणूक. पण नुरा खेळायलाही इमान लागतं. कोण पडणार, कधी पडणार हे आधी ठरतं. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची बरगडी हुळहुळी आहे हे एकमेकांना सांगायचं असतं, म्हणजे जोडीदार ती जागा सांभाळतो. आणि खरोखरच लागलं तर जोडीदाराच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. थापा बसल्या की पकड सुटलीच पाहिजे. गुरुबसप्पाच म्हणायचा, "आमच्या थापेच्या धंद्यात खरं म्हंजे एवढंच. पाठीवरच्या दोन थापा."

त्या दिवशी कुस्ती बरोबरीत सोडायची ठरली होती. बुरख्याला हात लावायचा नव्हता, कारण त्याच बुरख्यावर पुढं बार्शी होती, लातूर होतं, गुलबर्गा होतं. पण मैदान "फाड! फाड!" म्हणून ओरडायला लागलं आणि गुरुबसप्पाचा हात गेला. रात्री गळ्यात हार घेऊन घरी आल्यावर त्यानंच बायकोला सांगितलं होतं, "शबूद मोडला गं मी. पर लोक काय वरडत हुते!" तेव्हा ती नवी नवरी होती. तीही हसली होती.

गुरुबसप्पा आता एका मिलच्या गेटवर वॉचमन होता. लोक त्याला चहाचे पैसे देऊ देत नसत. बाराही महिने तो गळ्याला मफलर गुंडाळायचा, सोलापूरच्या वैशाखातसुद्धा. लोकांना वाटायचं पैलवानाचा डौल आहे. डौल कसला! दोन वर्षांपूर्वी लॉरीवरून कापसाची गाठ घसरून मानेवर बसली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, डावीकडून जोराचा हिसका बसला तर हातपाय जातील, कदाचित जीवही. ही गोष्ट घरातल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. वाघाची मान दुखते म्हटल्यावर वाघ कसला?

गिरिजाबाईनं आणखी एक गोष्ट हेरून ठेवली होती. हा माणूस मैदानात पाठ टेकली तरी "अय्ययो, सत्ते!" म्हणून बोंब ठोकायचा. सत्ते म्हणजे कानडीत मेलो. पण गाठ मानेवर बसली तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. खरं लागलं की त्याचा आवाज बंद व्हायचा.

अशात संक्रांतीच्या आधी महिपती पेढे घेऊन घरी आला. तीच जोड, तेच मैदान, पुन्हा एकदा. मुंबईचा टेलिव्हिजनचा कॅमेरावाला येणार, जुन्या कुस्त्यांवर कार्यक्रम करणार. "सगळी मुंबई बघंल पैलवान!" गुरुबसप्पानं बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय," म्हणाला.

"आन् भीमा?" गिरिजाबाईनं विचारलं.

"त्यो तर आदीच तयार हाय की," महिपती म्हणाला. "इचारल्या इचारल्या हां म्हणला." गिरिजाबाईनं पेढ्यांचा पुडा न उघडताच फळीवर ठेवला.

चार दिवसांनी भीमा घरी आला. रेल्वेत गँगमन म्हणून राबून राबून रापलेला, मिश्या पांढऱ्याशुभ्र, आवाज अगदी मऊ. वाकून तिच्या पाया पडला. पिशवीतून त्यानं एक काळं फडकं काढून गुडघ्यावर पसरलं. तोच बुरखा. कानापासून हनुवटीपर्यंत फाटलेला, आणि बारीक टाक्यांनी शिवलेला.

"सोताच शिवला, वैनी," तो म्हणाला. "बायकू न्हाय केली. हंगेरीला कोन पोरगी देनार?" आणि हसला. "अजून होटगीत पोरं तसंच हाक मारत्यात. ए हंगेरी! वीस वर्सं झाली."

गुरुबसप्पाही मोठ्यानं हसला. ते हसणं गिरिजाबाईला बोचलं.

जेवताना भीमानं घास हातात तसाच धरून म्हटलं, "गुरुबसप्पा, मला दुसरं काय बी नगं. त्या दिशी काय ठरलं हुतं, तेवढं ह्या टायमाला लोकांना सांग. कॅमेऱ्याम्होरं सांग. मग तू मला धा बारी पाड."

"अरं सोड रं. जुनी मढी कशाला उकरायची?" गुरुबसप्पा म्हणाला. "लोकांनी जपलंय ते. त्यात आपल्या दोघांचं काय ऱ्हायलंय आता?"

"बरं," भीमा म्हणाला. "नगं तर नगं." त्यानं तो घास तसाच ताटात ठेवला आणि पाणी प्याला.

गुरुबसप्पा हात धुवायला मोरीवर गेला आणि गिरिजाबाईला राहवेना. मानेचं नवरा सांगणार नाही, मरेल पण सांगणार नाही, हे तिला माहीत होतं. जोडीदाराला दुखरी जागा सांगायची असते हा त्यांच्याच धंद्यातला रिवाज. ती भीमाच्या मागं दारापर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, त्यांची मान तेवढी जपा. गाठ पडल्याली हाय. लई जपा."

भीमा चपला घालता घालता थांबला.

"कुनीकडची?"

"डावीकडची."

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला आणि बुरखा पिशवीत घालून निघून गेला.

तो गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा झाला तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की आपण हे कुणाला सांगून बसलो. ती उंबऱ्यावरच बसली. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसं केलं होतं तिनं.

पुढचे दिवस तिचे तिलाच ठाऊक. गावभर भिंतींवर कागद चिकटले. रिक्षात भोंगा लावून महिपतीची माणसं फिरू लागली. ज्यांनी पहिली कुस्ती पाहिली होती ते तर पाहुण्यांना पत्रं घालून बोलवू लागले, आणि ज्यांनी पाहिली नव्हती तेही पाहिली म्हणू लागले. गुरुबसप्पा पहाटे उठून अंगाला तेल लावायचा, नव्या नवरदेवासारखा आरशापुढं उभा राहायचा. गिरिजाबाईनं एकदा सगळा धीर गोळा करून म्हटलं, "त्यो म्हणतो तेवढं सांगून टाका की. काय जातंय?"

"काय जातंय?" तो गर्रकन वळायला गेला आणि मान आखडून तसाच थांबला. "माझ्याजवळ दुसरं काय हाय गं? वॉचमनचा डगला? लोक चा पाजत्यात ते कुनाला पाजत्यात?" त्याचे डोळे भरून आले होते. मानेचं भीमाला सांगितलं हे मग तिच्यानं बोलवेना. आपण अजून वाघच आहोत असं समजूनच त्याला मैदानात जाऊ द्यावं, असं तिला वाटलं. चुकलंच तिचं.

किंक्रांतीच्या दुपारी मैदान माणसांनी फुललं. बायकांसाठी दोर बांधून वेगळी जागा केली होती, तिथं शेजारच्या रत्नम्माला धरून गिरिजाबाई बसली. कुस्तीच्या चौथऱ्याला लागून मुंबईचा माणूस तिकाटण्यावर कॅमेरा मांडून उभा. हलगी कडाडली. काळा बुरखा आला आणि लोकांनी वीस वर्षांपूर्वीचीच शिवी घातली, तितक्याच प्रेमानं. "ए हंगेरी!" बुरखा शांतपणे सगळीकडे वळून वळून बघत राहिला.

गुरुबसप्पानं मफलर काढून बायकोकडे भिरकावला. तिनं तो मांडीवर घेतला.

कुस्ती सुरू झाली. भीमानं त्याला उचलून पाडला. "अय्ययो, सत्ते!" मैदान खदखदून हसलं. गिरिजाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं कान तेवढे उघडे ठेवले. पुन्हा पाडला, पुन्हा बोंब. भीमा उजवीकडून धरत होता, पाडताना हात देत होता. मानेला तो जपत होता. उगाच संशय घेतला बिचाऱ्याचा, असं तिच्या मनात आलं.

"फाड! फाड! फाड!" मैदानानं सूर धरला. म्हातारेकोतारे उठून उभे राहिले, डोळ्यांत पाणी आणून ओरडायला लागले. हेच ऐकायला तर आले होते सगळे. आणि गुरुबसप्पाचा हात उठला. ह्या खेपेला बुरखा फाडायचा असंच ठरलं होतं, त्याप्रमाणेच उठला. बुरख्याकडे गेला.

भीमानं तो मधेच धरला, वळवला, आणि डाव्या बाजूनं त्याची मान बगलेत घेतली.

आवाज आला नाही.

गिरिजाबाई कान देऊन बसली. मैदान ओरडत होतं, हलगी वाजत होती, पण त्या एका माणसाचा आवाज नव्हता. तिनं पाहिलं, नवऱ्याचा हात भीमाच्या पाठीवर पडला. एक थाप. दोन. पकड सुटली नाही. पुन्हा दोन. त्या थापा आता अगदी हलक्या झाल्या होत्या, झोपलेल्या माणसाचा हात पडावा तशा.

"काय सोंग करतोय बघ!" मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. "जुनं हाड ते जुनं हाड!"

बुरखा हळूहळू बायकांच्या बाजूला वळला. त्याच्या दोन भोकांतले डोळे गिरिजाबाईवर येऊन थांबले. तो घाईत नव्हता. तो वाट बघत होता. कशाची, हे त्या हजारो माणसांत तिला एकटीलाच कळलं.

ती दोर ओलांडून पळाली. रत्नम्मानं धरलेला पदर टरकन फाटला. चौथऱ्याला दोन्ही हात लावून ती ओरडली, "सोड रं! भीमा, सोड त्यास्नी!" लोक हसले. "वैनी, बसा खाली! वाघ हाय त्यो!" कॅमेरा तिच्याकडे वळला. मग ती लोकांकडे फिरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "आयका! त्या दिशीची कुस्ती नुरा हुती! बरोबरीत सोडायची ठरली हुती! ह्यांनी शबूद मोडला! ह्यांनी मला सोता सांगितलं हाय, ह्यांनी दगा केला!"

हलगीवाल्याचा हात तसाच थांबला.

भीमानं पकड सोडली. एक हात मानेखाली घालून, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवतात तसं त्यानं गुरुबसप्पाला खाली निजवलं. मग स्वतःच्या हातानं बुरखा काढला. पांढऱ्या मिश्यांचं ते दमलेलं तोंड सगळ्यांनी नीट बघितलं. ह्या खेपेला कुणी हसलं नाही. बुरखा त्यानं तिथंच टाकला आणि माणसांनी करून दिलेल्या वाटेनं तो निघून गेला.

मान वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं झालं असतं तर उभा जन्म अंथरुणात गेला असता. महिपतीनं फोटो उतरवला, आणि भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. पुढं त्याच्या मेव्हण्यानं कळवलं की टेलिव्हिजनवर मिनिटभर दाखवलं म्हणे. बाईचा आवाज काही आला नाही, नुसतं तोंड हलताना दिसलं, आणि वरून कुणी निवेदक म्हणाला की जुन्या कुस्तीत बायकासुद्धा किती रंगून जात. मुंबईला ते फार आवडलं.

सोलापूरला मात्र आवाज आला होता. मिलच्या गेटवर आता कुणी थांबत नसे. चहाचे पैसे हॉटेलवाला मुकाट्यानं घेई. गुरुबसप्पा कामावर जाई, येई, पुढ्यात येईल ते खाई. बायकोला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या, ताट भिरकावलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तो बोलतच नव्हता.

एका संध्याकाळी ती नेहमीसारखी त्याच्या मागं बसून कोमट तेलानं मान चोळत होती. "दुखतंय का?" तिनं विचारलं. "अहो, दुखतंय का? वरडा तरी! मेलो म्हणा!" बोलता बोलता तिच्या बोटांचा जोर वाढला.

त्यानं हात मागं आणला आणि तिच्या मनगटावर हलकेच मारला. एकदा. मग पुन्हा एकदा.

गिरिजाबाईनं हात काढून घेतले.